आधी खोट, मग किल्ली

इतिहास हा विषय घेतल्याचा सूनबाईला आयुष्यात दोनदाच पश्चात्ताप झाला. पहिल्यांदा नोकरी शोधताना, आणि दुसऱ्यांदा सासूबाईंचं गेस्ट हाउस विकायला काढलं तेव्हा.

गेस्ट हाउस म्हटल्यावर डोळ्यांपुढे फार काही आणू नका. गाव संपतं, रस्ता वळतो आणि त्या वळणावर एक दुमजली घर दिसतं. खाली तीन खोल्या, वर चार, पुढे लांबलचक व्हरांडा, आणि फाटकावर पाटी: ‘खोल्या मिळतील’. बस. गेस्ट हाउसला नाव द्यावं हे सासऱ्यांना कधी सुचलं नाही आणि सासूबाईंना कधी पटलं नाही. सासरे होते तोवर दोघांनी ते चालवलं, ते गेल्यावर सासूबाईंनी एकटीने रेटलं. मग गेल्या हिवाळ्यात व्हरांड्याच्या तिसऱ्या पायरीवरून त्या पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मुलाला हे कळलं आठवड्याने, तेही शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडून.

“पाय मुरगळला होता. त्यात काय कळवायचं?” सासूबाई फोनवर म्हणाल्या. “तुम्ही काय तिथून फुंकर घालणार होतात?”

तेव्हापासून सूनबाईची झोप उडाली. तशी ती आधीपासूनच विरळ झाली होती. चिंगी जन्मल्यापासून सूनबाईला कुठल्याही खोलीत सामान दिसतच नसे, फक्त कोपरे दिसत. टेबल म्हणजे चिंगीच्या कपाळाच्या उंचीला आलेली चार टोकं. खिडकी म्हणजे पडायची जागा. नवरा विमा कंपनीत होता. लोकांना दिवसभर संकटांची भीती घालण्याचा पगार घेऊन तो घरी मात्र निश्चिंत घोरायचा, आणि घरातलं ते खातं सूनबाई बिनपगारी सांभाळायची. आता त्या खात्यात तिसरी पायरी आली. गेस्ट हाउसचा फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही, की तिला त्या पायरीवर बसलेल्या सासूबाई दिसू लागायच्या.

शेवटी ठरलं की गेस्ट हाउस विकायचं आणि आईंनी शहरात यायचं. फ्लॅटमधली मागची खोली त्यांची. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “बरं.” वाद नाही, रडारड नाही, ‘माझं सगळं आयुष्य इथे गेलं’ नाही. नुसतं “बरं”. सूनबाईला इतकं हायसं वाटलं की काळजी करण्याचा आयुष्यातला हा एकमेव रास्त प्रसंग तिने हातचा घालवला.

*

घर विकायचं म्हणजे एजंट आला. गावात त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणायचे, कारण कशालाही त्याचं तेच उत्तर असे. छप्पर गळतंय? होऊन जाईल. गिऱ्हाईक मिळेल का? होऊन जाईल. बायको माहेरून परत येईल का, यालाही त्याने तेच उत्तर दिलं होतं, आणि ती खरंच आली होती, त्यामुळे त्याचा भाव वधारला होता.

“वहिनी, हल्ली घर नुसतं विकत नाही कोणी,” व्हरांड्यात खुर्ची ओढून तो म्हणाला. “घराला गोष्ट लागते. जाहिरातीत इतिहास पाहिजे. चार ओळी. कोणी बांधलं, कोण येऊन राहिलं, असं. तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच लिहा.”

“तुझाच विषय आहे की!” नवरा म्हणाला.

आता हे वाक्य ऐकून सूनबाई विरघळली याबद्दल तिला कोणी हसू नये. ज्या बाईला गेली काही वर्षं फक्त ‘शू लागली का’ आणि ‘तोंडात काय आहे’ एवढ्याच विषयांतली तज्ज्ञ समजलं गेलं, तिला कोणी तिचा मूळ विषय आठवून दिला की ती काहीही कबूल करते. ती “लिहीन” म्हणाली. नवऱ्याची रजा संपत होती. तो जाणार आणि सूनबाई चिंगीला घेऊन चार दिवस मागे राहणार, असं ठरलं. त्या चार दिवसांचा पुढे महिना झाला.

इतका वेळ मटार सोलत बसलेल्या सासूबाई तेव्हा बोलल्या.

“लिही. पण खरं लिही. आणि जो घर घेईल त्याला आधी सगळं वाचून दाखवायचं. मग मी सही करीन. त्याआधी नाही.”

“होऊन जाईल, काकू,” एजंट म्हणाला.

त्याने सासूबाईंना कधी पाहुण्याला खोली देताना पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर तो असं म्हणाला नसता.

सासूबाईंची खोली देण्याची एक रीत होती. पाहुणा आला की त्या किल्ली मुठीत घट्ट धरायच्या आणि आधी त्या खोलीतली खोट सांगायच्या. “हवेशीर आहे, पण पहाटे कोंबडा बरोबर खिडकीखाली येऊन ओरडतो. चालेल?” चालेल म्हटलं की मूठ उघडायची. नाही म्हटलं की दुसरी खोली, दुसरी खोट. सुरुवातीला सासरे कपाळाला हात लावायचे. “अगं, माणूस दमून आलाय, त्याला आत तरी येऊ दे!” पण पुढे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे तक्रार करायला कोणी येतच नाही. येणार कसा? तो भांडायला यायच्या आधीच त्याचं भांडण सासूबाईंनी दारात काढून घेतलेलं असायचं.

सासूबाई स्वतः जन्मात एकदाच परक्या हॉटेलात उतरल्या होत्या. तिथला मॅनेजर म्हणाला, “एकदम फर्स्टक्लास खोली, बाई. नाव ठेवायला जागा नाही.” सासरे पडल्या पडल्या झोपले. सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत खुर्चीत बसून होत्या. “खोट सांगितली असती तर झोपले असते,” त्या सांगायच्या. “सांगितली नाही म्हणजे ती आता आपणच शोधायची. कुठे आहे, केवढी आहे, अंधारात कळतंय का?” हा किस्सा सूनबाईने लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकला होता की तिचं ऐकणं बंद झालं होतं.

*

सूनबाईने नवी वही घेतली आणि लिहिलं: ‘निसर्गाच्या कुशीत विसावलेली ही वास्तू...’ एवढ्यात पोस्टमास्तर आले.

पोस्टमास्तरांच्या मते इतिहास म्हणजे मोठी माणसं. कोण मोठा माणूस इथे राहून गेला ते शोधा, बाकी सगळं टपाल. मोठा माणूस येऊन गेला याबद्दल गावात दुमत नव्हतं, फक्त तो कोण यावर होतं. पोस्टमास्तर म्हणत मंत्री. शिंपी म्हणे गवई, कारण त्याच्या बापाने त्या माणसाचा सदरा शिवला होता आणि गळ्याचं माप मंत्र्याचं नव्हतं. दूधवाला म्हणे पैलवान, कारण दूध तेवढं लागायचं. तीन संध्याकाळी व्हरांड्यात यावर रण माजलं. सूनबाई तिघांचं टिपून घेत होती आणि एका डोळ्याने चिंगी पायऱ्यांकडे जात नाही ना ते बघत होती.

तिसऱ्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आला होता एक. पलंग मोडून गेला. माळ्यावर ठेवलाय, बघायचा असेल तर.”

“पण कोण होता, आई?”

“चांगला होता. पलंग मोडला ते सकाळी आपणहून सांगितलं त्याने.”

यापलीकडे सासूबाईंनी त्या माणसात रस दाखवला नाही. पोस्टमास्तरांना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावच्या पोस्टाचा स्वहस्ते लिहिलेला इतिहास आणून दिला. त्यात गेस्ट हाउसचा उल्लेख शेवटून दुसऱ्या पानावर होता, तोही एका चुकलेल्या पार्सलचा पत्ता म्हणून.

तेवढ्यात होऊन जाईल धापा टाकत आला. “वहिनी, जरा नोंदणी कचेरीत यावं लागेल. किरकोळ आहे.”

किरकोळ असं होतं की कचेरीच्या दप्तरी त्या वळणावर घरच नव्हतं. मोकळी जागा होती आणि एक विहीर होती. प्रत्यक्षात विहीर कधीच नव्हती. खिडकीमागच्या कारकुनाने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून ते दाखवलं, आणि आपल्यापुरता विषय संपवला.

“अहो, पण घर आहे तिथे,” सूनबाई म्हणाली. “मी सकाळी तिथूनच आले.”

“तुम्ही आलात हे दिसतंय, बाई. घर दिसत नाही.”

“मग आता?”

“केव्हा बांधलं, कोणी बांधलं, तेव्हापासून काय काय झालं, सगळं लिहून द्या. चार प्रती. मग मी स्थळपाहणीला येईन.”

खरं सांगायचं तर सूनबाई कचेरीतून जरा ताठ मानेने बाहेर पडली. तिने लिहिलेला इतिहास चार प्रतींत मागणारा हा पहिलाच माणूस होता. विद्यापीठालासुद्धा एकच लागली होती.

कारकून पाहणीला आला तो ऐन दुपारी. सासूबाईंच्या लेखी जो फाटकातून आत आला तो पाहुणा, मग तो कोणी का असेना. त्यांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि रीतीप्रमाणे सांगितलं, “वरच्या न्हाणीघराला आतून कडी लावू नका. अडकते.”

कारकुनाने मान डोलावली, वर गेला आणि कडी लावली. त्याचंही काही चुकलं असं नाही. आयुष्यभर दार नीट लावून खिडकीमागे बसायची सवय असलेला माणूस, ऐनवेळी ती कशी सोडणार? थोड्या वेळाने वरून दारावर धपाधप थापा ऐकू येऊ लागल्या.

“साहेब, दार स्वतःकडे ओढा आणि वर उचला!” पोस्टमास्तर खालून ओरडले. त्यांना त्या दाराची काही एक माहिती नव्हती.

“वर उचललं!”

“मग आता खाली सोडा!”

“होऊन जाईल!” एजंट म्हणाला.

सुतार परगावी गेलेला. शेवटी शिंप्याकडून शिडी आणून खिडकीला लावली. सूनबाईने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. कारकून खिडकीतून पाठमोरा निघाला, त्याचा बूट हवेत पायरी शोधू लागला, आणि सूनबाईच्या तोंडून, तिचा तिच्यावर ताबा यायच्या आत, निघालं, “हळू... खाली बघू नको... हां, आता दुसरा पाय... शाब्बास! शहाणं माझं बाळ ते!”

कचेरीत ज्याच्यापुढे गाव अदबीने उभं राहतं त्या माणसाने जमिनीवर पाय टेकले, तेव्हा चिंगीने टाळ्या वाजवल्या. तो सरळ व्हरांड्यात जाऊन बसला. चहा प्यायला, कागद काढला आणि लिहिलं: ‘सदर जागेवर घर अस्तित्वात असून त्याची दारे मजबूत आहेत.’

अशा रीतीने ते घर दप्तरी जन्माला आलं. आता गिऱ्हाईक आणायला हरकत नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून दाताचे डॉक्टर आले. होऊन जाईलला चार ओळींसाठी थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच इतिहास करून टाकला होता. जाहिरातीत ‘ऐतिहासिक राजेशाही विश्रांतिस्थान’ असं छापून आलं होतं. डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून खूश दिसत होते. सासूबाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“राजा वगैरे कोणी नव्हता. माझ्या नवऱ्याने बांधलंय, आणि तो गवंडी नव्हता, त्यामुळे काटकोन कुठेच नाही. वरच्या पहिल्या खोलीत कोंबडा. दुसरीत ओल येते. तिसरीची खिडकी लागत नाही. चौथीत डास. खालच्या तिन्हींत वरच्यांची पावलं ऐकू येतात. आणि शेजारी,” इथे त्यांनी कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या पोस्टमास्तरांकडे पाहिलं, “शेजारी बोलतात फार. चालेल?”

आयुष्यभर लोकांना तोंडावर ‘आतून किडलंय’ असं सांगणारा हा माणूस, त्याला एवढं सोसलं नाही. घड्याळ बघून तो निघून गेला.

“काकू, घर विकताय की माणसं पळवून लावताय?” होऊन जाईल रडकुंडीला आला होता.

“किल्ली देतेय,” सासूबाई म्हणाल्या. “किल्ली देताना जे करतात ते करतेय.”

बाजूला चिंगी मुठीत चमचा घेऊन बाहुलीला सांगत होती, “इथे डाश आहेत. चालेल?”

*

त्या दिवशी सूनबाईने निसर्गाची कूस खोडली. मंत्री, गवई आणि पैलवान खोडले. मग वही घेऊन ती सासूबाईंच्या मागोमाग खोल्या फिरू लागली. म्हणाली, “आई, खोटच सांगा. पण ती कशी आली ते सांगा.”

सासूबाईंनी जरा विचार केला. कोणी असं विचारलं नव्हतं आजवर.

तिसऱ्या खोलीची खिडकी लागत नव्हती, कारण एक फिरता औषधविक्रेता तिथे महिनाभर राहिला होता. त्याला बंद खोलीत गुदमरायचं, म्हणून त्याने खिडकीची चौकट तासून ठेवली. दर वर्षी यायचा. मग यायचा थांबला. सासऱ्यांनी दोनदा चौकट बदलायला काढली, आणि दोनदा सासूबाई म्हणाल्या, राहू दे, आला तर? जेवणाच्या टेबलावर भाजल्याचा गोल डाग होता. एक नवराबायको भांडून वेगवेगळ्या वेळी जेवायला यायचे. शेवटच्या दिवशी दोघं एकदम आले आणि बोलत बसले, ते किती वेळ बोलतायत हे बघण्याच्या नादात गरम भांडं सासूबाईंच्याच हातून तसंच टेबलावर टेकलं गेलं. खालच्या कोपऱ्यातल्या खोलीला रंग दोन जातींचा होता, कारण सूनबाईचा नवरा तिथे जन्मला त्या आठवड्यात रंगकाम अर्धवट सोडून सासरे डॉक्टरला आणायला पळाले आणि परतल्यावर त्यांना पहिला रंग कुठला ते आठवेना.

सूनबाई लिहीत होती. तिला शिकवलेल्या इतिहासात लोक किल्ले घेत, तह करत, गादीवर बसत. इथे कोणी काही जिंकलेलं नव्हतं. इथे फक्त काहीतरी बिघडलं होतं आणि कोणीतरी ते तसंच राहू दिलं होतं. सगळे कोपरे, टोकं, उंबरे, जे बघून तिच्या छातीत धस्स व्हायचं, त्या प्रत्येकामागे एक माणूस उभा असलेला तिला दिसू लागला. धस्स व्हायचं काही थांबलं नाही. चिंगीला तिने टेबलापासून लांबच ठेवलं. पण तिने डागावरून एकदा हात फिरवला.

शेवटी दोघी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर आल्या.

“तिसरी उंच आहे. ह्यांचं माप चुकलं,” सासूबाई म्हणाल्या. “कबूल कधी केलं नाही. म्हणायचे, मुद्दाम ठेवलीय, माणूस जपून चढतो. आल्यागेल्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगायची. तिसरी पायरी उंच आहे, सांभाळा. मंत्री असो की पैलवान.”

“आणि तुम्हीच पडलात.”

“हं.” सासूबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. “त्या दिवशी बसले होते ना इथे, तेव्हा पायरीचा राग नाही आला गं मला. एवढंच मनात आलं की सगळ्यांना सांगत आले, आणि मला सांगणारं कोणी उरलं नाही.”

सूनबाईने ते लिहिलं नाही. चिंगीचं नाक पुसायच्या निमित्ताने तिने मान वळवली.

*

मग नर्सबाई आल्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, सोबत धाकटी बहीण. दवाखान्यातून सुटलेल्या पण घरी जायला अजून उभारी नसलेल्या माणसांना चार आठवडे ठेवून घ्यायचं, अशी जागा त्यांना हवी होती. सूनबाईने वही उघडली आणि घसा खाकरून पहिल्या पानापासून वाचलं. कोंबडा, ओल, खिडकी, डाग, दोन रंग, पायरी. होऊन जाईल फाटकाबाहेर पाठ करून उभा होता, शस्त्रक्रिया चालू असलेल्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा.

नर्सबाईंनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, “आमच्याकडे पेशंट आला की आधी हेच विचारतो. काय काय दुखतं, केव्हापासून. बरं वाटतंय म्हणणाऱ्याचंच काही कळत नाही. पायरीला कठडा बसवू. कोंबडा कोणाचा?”

“माझा,” कुंपणापलीकडून पोस्टमास्तर म्हणाले.

“राहू दे. पेशंट लवकर उठतील.”

इतकं सरळ काही होईल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. होऊन जाईलच्या तोंडून “झालं?” एवढंच निघालं. सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्यांनी मूठ उघडली नाही.

“विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस गेले. नवरा रजा काढून धावत आला. पोस्टमास्तरांनी सल्ला दिला की घर भाड्याने द्यावं, शिंप्याने सल्ला दिला की अर्धं विकावं, दूधवाल्याने सल्ला दिला की म्हैस घ्यावी. नर्सबाईंची बहीण दुसरीकडे एक जागा बघून आली. सूनबाईच्या डोळ्यांपुढे पुढचा हिवाळा उभा राहिला, ती पायरी, न उचलला जाणारा फोन. ती सासूबाईंच्या मागे मागे फिरू लागली.

“आई, अहो तिथली खोली किती छान आहे! हवेशीर, शांत. तुम्हाला काही म्हणजे काही त्रास होणार नाही.”

“फर्स्टक्लास आहे, आई,” नवऱ्याने री ओढली. “नाव ठेवायला जागा नाही.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या.

दुपारी सूनबाई चिंगीला शोधत व्हरांड्यात आली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. आज कोणी कुठे जाणार नव्हतं, पण त्यांची प्रवासाची पिशवी भरलेली होती, आणि ती त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. नजर समोर. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती.

सूनबाई जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत कानांवरून गेलेला तो हॉटेलचा किस्सा पहिल्यांदा तिला ऐकू आला. महिनाभर ती या बाईला एका खोलीत पाठवत होती आणि त्या खोलीबद्दल चांगल्याशिवाय अक्षर बोलली नव्हती. तिला वाटलं होतं, ती धीर देतेय.

ती आत गेली. पर्समधून फ्लॅटची किल्ली काढली. किल्लीला चिंगीने चावून चोथा केलेलं प्लास्टिकचं बदक लटकत होतं. ती मुठीत घट्ट धरून सूनबाई बाहेर आली आणि सासूबाईंसमोर स्टूल ओढून बसली.

“आई, मागची खोली पश्चिमेची आहे. दुपारनंतर तापते.”

सासूबाईंनी मान वळवली.

“भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर आहे, दिवसभर घरघरते. समोरच्या बाल्कनीतले गृहस्थ सकाळी गुळण्या करतात. मोठ्याने, आणि बराच वेळ. न्हाणीघराचा उंबरा उंच आहे. कपाटाचा खालचा कप्पा माझ्या कॉलेजच्या पुस्तकांनी अडलाय. रिकामा करीन असं म्हणेन, पण करणार नाही.”

“पुढे.”

“तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. खाली बाकावर जाऊन बसलात तरी बरेच दिवस कोणी बोलणार नाही. तिथे पोस्टमास्तर नाहीत.”

“ही खोट म्हणून सांगतेस?”

“हो. इथून गेल्यावर कळेल.” सूनबाईने स्टूल आणखी पुढे सरकवलं. “तुमचा मुलगा घरी आला की फोनमध्ये डोकं घालतो. तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही.”

“ती जुनी आहे. इथूनच गेलीय.”

“चिंगी दार न वाजवता येईल. आणि मी...” मुठीतलं बदक तिला टोचत होतं. “मी काळजी करते, आई. तुम्ही उठायला जरा उशीर केलात तर दार ढकलून बघीन. पायऱ्या उतरताना मागून ‘सावकाश’ म्हणेन, सगळ्यांसमोर. तुम्हाला राग येईल. मला ते थांबवता येत नाही. करून बघितलंय.”

कुंपणापलीकडे पोस्टमास्तरसुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजा.

“पंखा?” सासूबाईंनी विचारलं.

“कुरकुरतो.”

“कितीवर ठेवला की?”

“तीनवर. दोनवर ठेवला तर नाही.”

सासूबाईंनी पिशवी मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. पाठ खुर्चीला टेकवली. “चालेल,” त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. सूनबाईने मूठ उघडली. सासूबाईंनी किल्ली घेतली, बदक उलटंसुलटं करून पाहिलं आणि कमरेला खोचलं.

त्याच आठवड्यात सह्या झाल्या. होऊन जाईलने गावात सगळ्यांना सांगितलं की घराला गोष्ट लागते हे तो आधीपासूनच म्हणत होता. नर्सबाईंनी सूनबाईची वही मागून घेतली आणि व्हरांड्यातल्या खिळ्याला दोरीने टांगून ठेवली, येणाऱ्याने आधी वाचावी म्हणून. कारकुनाने सहीच्या वेळी सूनबाईकडे बघायचं टाळलं.

निघायच्या दिवशी नवरा सामान घेऊन पुढे गेला, चिंगी त्याच्या कडेवर. सासूबाईंनी जुडगा नर्सबाईंच्या हातात दिला, सगळ्या खोल्यांची खोट पुन्हा एकदा तोंडी सांगितली, फाटकावरच्या पाटीकडे एकदा बघितलं आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. पहिली. दुसरी.

सूनबाईने ओठ दाबून धरले होते. निदान आज नको, निदान सगळ्यांसमोर नको, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

“आई, तिसरी उंच आहे. सावकाश.”

सासूबाई थांबल्या. मागे वळून सुनेकडे बघितलं.

“माहीत आहे गं मला,” त्या म्हणाल्या. मग कठड्यासाठी ठोकलेल्या नव्या खुंटाला धरून पाय जपून खाली टेकवला. “पण सांगत जा.”